पहिला खर्डा संपेपर्यंत मागचं पान उघडूच नये?

शाईचा डाग
कादंबरी लिहायला बसलेल्यांना माझं एकच सांगणं असतं: पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागचं पान उघडू नका. कालचं वाचायला घेतलं की हात शिवशिवतात. आधी एक विशेषण बदलतं, मग परिच्छेद, आणि त्या दिवसाची बैठक तिथेच आटोपते. पहिलं प्रकरण घासूनपुसून लखलखीत आणि चौथ्याचा पत्ताच नाही, अशा कादंबऱ्या किती जणांकडे पडून असतील!

कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे, हे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा शेवटाशी पोचल्यावरच उमगतं. मग त्याआधी पहिल्या प्रकरणात काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणार कशाच्या जोरावर? रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीनं १८६६ मध्ये 'द गॅम्बलर' ही कादंबरी २६ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. मुदत चुकली असती तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. मागं वळून बघायला त्याला सवड होती कुठे? इंग्लिश कादंबरीकार ट्रोलपचंही तसंच. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द.

अर्धविराम
साफ असहमत, आणि तुमच्याच दोन साक्षीदारांना उलट तपासतो.

त्या कादंबरीची कल्पना दोस्तोयेव्हस्कीनं १८६३ मध्येच मित्राला पत्रातून कळवली होती. म्हणजे २६ दिवस लागले ते कागदावर उतरवायला, त्याआधी तीन वर्षं ती डोक्यात होती. शिवाय लघुलेखिका अ‍ॅना, जी पुढे त्याची पत्नी झाली, सांगितलेला मजकूर घरी नेऊन स्वच्छ लिहून आणायची आणि तो त्यावर दुरुस्त्या करायचा. खर्डा चालू असताना, मुदत डोक्यावर असताना!

ट्रोलपनं तर आत्मचरित्रात लिहूनच ठेवलंय की पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जायचा, आणि त्यात मुख्यतः शब्दांचा नाद कानानं जोखणं असायचं. घड्याळ तुम्हाला दिसलं, हा अर्धा तास राहून गेला.

माझा मुद्दा असा की निवेदकाचा आवाज वाक्यात सापडतो, कथानकाच्या आराखड्यात नाही. दहाव्या पानावर तो आवाज खोटा लागत असेल, तर त्याच खोट्या आवाजात पुढची तीनशे पानं लिहून काय मिळवायचं? पात्रं काय बोलतात, कशावर गप्प बसतात, कोणती गोष्ट त्यांच्या नजरेत भरते, सगळं त्या आवाजावर अवलंबून असतं. नंतर दुरुस्त करू म्हणाल, तर 'नंतर' दुरुस्त करायला तीच कादंबरी हातात राहत नाही.

शाईचा डाग
ट्रोलप तुमचा, मान्य. पण तो वाचत होता म्हणजे तिसरं प्रकरण नव्यानं लिहायला घेत नव्हता. कालच्या पानावरून नजर फिरवून लय पकडणं वेगळं, आणि मागं जाऊन डागडुजी करत बसणं वेगळं.

मागचं बदलायचं सुचलंच तर मी समासात टाचण करतो: 'भाऊ आता मेलेला आहे, तिसऱ्या प्रकरणात त्याचं पत्र नको.' आणि भाऊ पहिल्यापासूनच मेलेला होता असं धरून पुढं लिहितो.

अर्धविराम
आणि तिसऱ्या प्रकरणातल्या त्या पत्रामुळेच सहाव्यात बहीण घर सोडून निघाली असेल तर? टाचणानं पत्र जाईल हो, पण तिच्या निघण्याचं कारणही त्याबरोबर जातं. अशी वीस-पंचवीस टाचणं साठली की शेवटी हातात येतो तो खर्डा नसतोच, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन कादंबऱ्यांचे तुकडे असतात.

तळटीप
संपादनाच्या बाजूनं बोलते. तुम्ही दोघं दोन वेगळ्या कामांना एकच नाव देऊन भांडताय. एक दुरुस्ती वाक्याची, दुसरी बांधणीची. क्रम चुकला की मेहनत वाया जाते, कारण आठवडाभर पॉलिश केलेला प्रसंगच पुढे काढून टाकावा लागतो. आणि ज्यावर मेहनत घेतलीय तो प्रसंग काढायला लेखक काही केल्या तयार होत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

खर्डा झाल्यावर मी लेखकांना प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायला लावते. प्रसंग कोणाच्या नजरेतून आहे, आणि तो संपताना आधीपेक्षा काय बदललेलं आहे? ही यादी पुढ्यात आली की दुखणं बरंचसं दिसतं. लागोपाठ चार प्रसंगांत काहीच बदलत नाही, किंवा जिच्यावर सगळा डोलारा उभा आहे ती बाई मधली ऐंशी पानं गायबच आहे. वाक्यं कितीही चांगली असली तरी हे वाक्यं वाचताना दिसत नाही. शाईचा डाग, याबाबतीत मी तुमच्या बाजूची.

पण निवेदन प्रथमपुरुषी असेल तर अर्धविराम यांचं बरोबर आहे. तिथे आवाज हीच बांधणी असते.

आणि बाहेरचा डोळा लागतोच. 'द ग्रेट गॅट्सबी'चं हस्तलिखित वाचून मॅक्सवेल पर्किन्स या संपादकानं फिट्सजेराल्डला कळवलं की गॅट्सबी हा माणूसच धूसर वाटतो. लेखकानं मग छपाईची प्रुफं हातात असताना सहावं-सातवं प्रकरण बरंचसं नव्यानं केलं, गॅट्सबीच्या भूतकाळाची मांडणी हलवली. पुस्तक १९२५ मध्ये आलं. प्रुफांवर इतकी मोडतोड आज कुठला प्रकाशक करू देईल, हा प्रश्न वेगळा.

फक्त वाचक
मी लिहीत नाही, वाचतो. रोज मागं जाऊन घासलेली कादंबरी मला ओळखू येते. प्रत्येक वाक्य सलाम घ्यायला उभं असतं आणि गोष्ट पुढं सरकत नाही. तीस पानांत दमतो. धावत लिहिलेली मात्र रात्रभर वाचून काढतो, अगदी नायिकेचं वय मध्येच दोन वर्षांनी कमी झालेलं असलं तरी.

अर्धविराम
तुम्हाला ओळखू येते ती वाईट घासलेली. चांगली घासलेली ओळखू येत नाही, म्हणून ती तुमच्या मोजणीत येत नाही.

बाकी, शेवट न बघता धावणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: संपल्यावर परत बसता का? खर्डा पुरा झाला की पेढे वाटून होतात, मित्रांना पाठवून होतो, आणि पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन तपासणं एवढंच उरतं.

शाईचा डाग
मी बसतो. खर्डा छापून बाजूला ठेवतो आणि कोऱ्या फाइलमध्ये पहिल्या शब्दापासून पुन्हा टाइप करतो. जुन्या फाइलमध्ये हात घातला की माणूस ठिगळं लावतो. पुन्हा टाइप करताना नको असलेल्या परिच्छेदाचा कंटाळा बोटांनाच येतो.

अर्धविराम
हे पटलं. पण मग तुम्ही दुसऱ्यांदा तेच करताय जे मी पहिल्यांदा करतो.

शाईचा डाग
हो, पण शेवट माहीत असताना.

नवा कोरा
मधे बोलतोय, माफ करा. मी साठाव्या पानावर आहे. आतापर्यंत मुलगी 'मी' म्हणून सांगतेय, आता वाटतंय तृतीयपुरुषी हवं होतं. मागं जाऊ का?

शाईचा डाग
अजिबात नाही. एकसष्टाव्या पानापासून 'ती' सुरू करा.

अर्धविराम
जा. पण सगळं नको, पहिलं प्रकरण तेवढं बदलून बघा. तिथे जमलं नाही तर पुढेही जमणार नाही.

तळटीप
दोन्ही नको. एकच प्रसंग घ्या, दोन्ही प्रकारे लिहा आणि मोठ्यानं वाचा. 'मी'चा 'ती' करून क्रियापदं फिरवू नका, कोऱ्या कागदावर लिहा. एका दिवसात कळेल.

नवा कोरा
कुठला प्रसंग घेऊ? एका ठिकाणी आई मुलीशी खोटं बोलते. मुलीला ते कळत नाही, पण वाचकाला कळायला हवं. तिथेच अडलोय.

तळटीप
मग तोच घ्या.