मदत हवी आहे: पावसाळ्यात ड्रायरशिवाय कपडे कसे वाळवायचे?

रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो. एरवी गच्चीवरच्या दोरीवर कपडे दोन तासांत कडकडीत वाळतात. जून ते सप्टेंबर मात्र दोन-दोन दिवस दमट राहतात, कुबट वास येतो. घरात तान्हं बाळ आहे, त्यामुळे लंगोट आणि दुपटी रोज धुवावीच लागतात.

ड्रायर घ्यायचा नाही, हे नक्की. २००० वॉटचा ड्रायर तासाला २ युनिटपर्यंत वीज घेतो. ७५ वॉटचा पंखा ८ तास फिरला तरी ०.६ युनिट. एवढा फरक असताना ड्रायरला मन धजत नाही.

मशीनमध्ये दुसऱ्यांदा स्पिन करतो, कपड्यांत चार बोटं अंतर ठेवतो, खाली पंखा लावतो. पातळ कपडे सकाळपर्यंत वाळतात. टॉवेल आणि जीन्स नाही. खिडकी बंद ठेवली की भिंतीवर बुरशी, उघडली की बाहेरचीच दमट हवा आत. बाल्कनीत पावसाची झड येते.

कोकणात कुणी १० बाय १० च्या बंद खोलीत ३०० वॉटच्या आसपासचा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) वापरलाय का? टॉवेल वाळायला किती तास लागतात, की नुसता एक्झॉस्ट फॅनही पुरेल?