१९६५ची सेसना १७२ (छोटं विमान): पोटाखालचे रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या मेखा) कोणते मागवावेत?

सोनेगाव_हँगर: नमस्कार मंडळी. पोटाखालच्या पत्र्यात चाळीसेक रिव्हेट सैल आहेत, मागे काळी रेघ उमटते. बहुतेकांच्या डोक्यावर मधोमध खळगा आहे, काहींवर कसलीच खूण नाही. पत्रा ०.०२५ इंच, आतला अँगल ०.०३२. कोणता नंबर घेऊ? तीन भोकं मोठी झाली आहेत. इतवारी बाजारातले पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारे) चालतील का?

पत्रेवाला: खळगा म्हणजे एडी, २११७ मिश्रधातू. खूण नसलेला ए, म्हणजे ११०० चा मऊ अॅल्युमिनियम. त्याची ताकद एडीच्या जेमतेम एक तृतीयांश. पण आधी रंग काढून पाहा, खळग्यात रंग भरला की एडीसुद्धा बिनखुणेचा दिसतो. खरंच ए निघाले, तर कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत घातलेत, तेही बदला. उंचवट्याचा ठिपका दिसला तर तो डी, २०१७. त्याला उष्णतोपचार करून तासाभरात ठोकावं लागतं, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. मे महिन्यातल्या नागपूरच्या हँगरमध्ये तो आणखी लवकर कडक होतो. “जास्त मजबूत” म्हणून एडीच्या जागी डी घालू नका. पातळ पत्रा फुगतो आणि भोक ताणलं जातं.

काढताना एडीचा खळगाच ड्रिलला गाइड. आधी नंबर ४० च्या ड्रिलने छोटं भोक पाडा, मग नंबर ३० ने फक्त डोक्याच्या जाडीइतकं. डोकं पिन पंचने तिरपं करून उडवा, मागे आधार देऊन शँक (रिव्हेटची दांडी) हळूच ठोकून काढा. आरपार ड्रिल मारलं की भोक लांबट होतं. तुमची तीन बहुधा तशीच झालीत.

मापपट्टी: लांबीचं सूत्र: एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. १/८ इंच रिव्हेटला ०.०५७ + ०.१८७५ = ०.२४४५, म्हणजे १/४ इंच. गोल डोक्याचा एमएस२०४७०एडी४-४ मागवा. ठोकल्यावर मागचं डोकं ३/१६ इंच रुंद, १/१६ उंच हवं. रिव्हेट लांब पडला तर वाकून एका बाजूला लोळतो, आखूड पडला तर डोकं पातळ होतं.

मोठ्या भोकांसाठी ५/३२, म्हणजे एडी५, नंबर २१ ड्रिल. पण आधी कडेचं अंतर मोजा: भोकाच्या मध्यापासून किमान व्यासाची दुप्पट, म्हणजे ५/१६ इंच. दोन रिव्हेटमधलं अंतर किमान तिप्पट. यात न बसलं तर नवा पत्रा किंवा डबलर (वरून जोडायचा जादा पत्रा), दुसरा उपाय नाही. काळी रेघ रिव्हेट हलत असल्याची खूण आहे; घासून झालेली भुकटी तेलात मिसळते. तेच भोक न तपासता त्याच मापाचा नवा घातलात, तर तोही सैल होणार.

सोनेगाव_हँगर: एका ठिकाणी ०.०३२ चा डबलर लागेल. तिथेही ४-४?

मापपट्टी: नाही भाऊ. जाडी ०.०८९, लांबी ०.२७६५. ४-४ आखूड पडेल. ४-५ घ्या आणि रिव्हेट कटरने कापून ०.२८ करा.

सही_शिक्का: इतवारीतला पॉप नकोच. त्याच्या मधल्या खिळ्याला लॉक नसतं, तो गळून पडतो. आणि स्टीलचा खिळा अॅल्युमिनियमला गंज लावतो. बकिंग बार (ठोकताना मागून धरायचा धातूचा ठोकळा) खरंच पोचत नसेल तिथे चेरीमॅक्स सीआर३२१३ (एका बाजूने बसणारा, लॉक असलेला रिव्हेट), तोही दुरुस्ती पुस्तिकेत किंवा मान्य डेटात त्या जागी परवानगी असेल तरच, आणि ग्रिप (पत्र्यांची एकूण जाडी) त्याच्या गेजने मोजून.

पत्रे उघडलेच आहेत तर दोन पत्र्यांच्या सांध्यात झिंक क्रोमेट प्रायमर लावा. रिव्हेट घेताना पुरवठादाराचं अनुरूपता प्रमाणपत्र आणि बॅच नंबर मागा. कागद नसेल तर एएमई (विमान देखभाल अभियंता) सही करणार नाही, आणि करूही नये.