आयओक्यूएमची तयारी: नववीतल्या मुलीसाठी सल्ला हवा

गोदाकाठ
मुलगी नववीत, सेमी इंग्रजी, मु.पो. नाशिक. शाळेचं गणित तिच्या डाव्या हातचा मळ. सप्टेंबरमध्ये आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेला, बसायचं म्हणते. मागचा एक पेपर घड्याळ लावून सोडवायला दिला, तर पहिल्या दहातले सहा आले, पुढे सगळी कोरी पाटी. क्लासवाले म्हणतात, जेईई फाउंडेशन लावा, त्यातच सगळं होऊन जातं. खरं का? नाहीतर कुठलं पुस्तक, किती वेळ, सुरुवात कुठून?

लसावि
होऊन जात नाही. फाउंडेशनमध्ये अकरावी-बारावीचे धडे आधी उरकतात. ऑलिम्पियाडला कॅल्क्युलस लागतच नाही. लागतं ते बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि कॉम्बिनेटरिक्स (किती प्रकारे, याची मोजणी), आणि यातले शेवटचे दोन शाळेत नावालाच असतात. पाटी कोरी राहते ती त्यामुळेच.

अलीकडच्या पेपरांची रचना अशी: ३० प्रश्न, ३ तास, १०० गुण. पहिले १० प्रत्येकी २ गुणांचे, पुढचे १० तीनचे, शेवटचे १० पाचचे. उत्तर नेहमी ०० ते ९९ मधला पूर्णांक. निगेटिव्ह मार्किंग नाही, पण तुक्क्याला १०० पर्याय असल्यावर त्याचा उपयोग तो काय!

सुरुवात संख्या सिद्धांतापासून करा. विभाज्यता, मूळ अवयव, मॉड (भागाकारातल्या बाकीचं गणित), मग समीकरणांच्या पूर्णांक उकली. नमुन्याला हे द्या: न हा धन पूर्णांक आहे आणि न² + २४न + २१ हा पूर्ण वर्ग आहे, अशा सर्व न ची बेरीज काढा.

न च्या किमती घालून बघणारी मुलं १० ला थांबतात (३६१ = १९²) आणि खूश होतात. खरी वाट अशी: वर्ग पूर्ण करा, (न + १२)² − १२३ = म². म्हणजे (न + १२ − म)(न + १२ + म) = १२३. म ऋण नाही असं धरलं तर दोन्ही अवयव धन, आणि जोड्या दोनच: ३ × ४१ आणि १ × १२३. पहिलीतून न + १२ = २२, न = १०. दुसरीतून न + १२ = ६२, न = ५०. उत्तर ६०. १ ची जोडी विसरणं ही इथली सर्वांत मोठी गळती. शिवाय प्रश्नात 'धन' नसतं तर −३४ आणि −७४ हेही आले असते, म्हणून प्रश्नातल्या अशा शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा.

चक्रीय_चौकोन
संख्या सिद्धांताला +१, पण भूमिती मागे ठेवू नका. ती पिकायला सगळ्यात जास्त वेळ घेते. कोन शोधत जाणं, चक्रीय चौकोन, समरूप त्रिकोण, छेदिका-स्पर्शिकेचे गुणाकार, एवढंच आधी पक्कं करा. निर्देशांक घालून रेटायची सवय आत्ताच नको.

आकृती कंपासने, अर्ध्या पानाची. आणि त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा काढायचा. चुकून समद्विभुज झाला की नसलेल्या गोष्टी 'दिसायला' लागतात. दुसरा घोळ: एका जीवेवरचे दोन कोन समान, की बेरीज १८०°, हे बिंदू जीवेच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध यावर ठरतं. मुलं आकृतीकडे बघून एकच लिहितात.

१३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण तोंडपाठ असू द्या: क्षेत्रफळ ८४, १४ वरचा लंब १२ (पायाचे भाग ५ आणि ९), अंतर्वर्तुळाची त्रिज्या ४, परिवर्तुळाची ६५/८. कुठलंही सूत्र नीट आठवत नसेल तर यावर घासून बघायचं.

गोदाकाठ
दोघांचेही आभार. पुस्तक राहिलं. आणि क्लास?

लसावि
'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' हे एकच घ्या. पहिल्या पानापासून वाचत बसू नका, प्रकरण निवडून सोडवा. जुने पेपर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानचे वर्ग चालतात, पण त्यासाठी नाशिकहून दर आठवड्याला ये-जा मला पटत नाही.

रोज तास-दीड तास, दोन किंवा तीनच गणितं. एका गणिताला निदान ४० मिनिटं दिल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. उघडलं तर चार दिवसांनी तेच कोऱ्या कागदावर पुन्हा.

शून्यबाकी
एक भर. आयओक्यूएम निघाली की पुढे आरएमओ, म्हणजे प्रादेशिक ऑलिम्पियाड: ६ प्रश्न, ३ तास, आणि तिथे उत्तराला नाही, सिद्धतेला गुण. त्यामुळे आठवड्याला एक गणित तरी पूर्ण वाक्यांत लिहून घ्या. वरच्या उदाहरणात 'दोन्ही अवयव धन का' हे न लिहिता पुढे गेलं तर तिथे गुण कापले जातील.

असमानतेत तर हमखास. 'क्ष ≥ ३ असताना क्ष + ४/क्ष ची किमान किंमत?' अंकगणिती-भूमितीय मध्य लावला की ४ येतात, आणि मुलं तेच ठोकून देतात. पण ४ मिळतात क्ष = २ ला, आणि २ ला तर परवानगीच नाही. खरी किंमत १३/३, क्ष = ३ ला. सिद्धता एका ओळीची: (क्ष − ३)(क्ष − ४/३) ≥ ०, मग क्ष ने भागा. किंमत याखाली जात नाही हे सिद्ध करणं हे एक काम, ती खरंच गाठली जाते हे दाखवणं दुसरं. दोन्ही कागदावर हवीत.

गोदाकाठ
एक बारीकशी शंका. उत्तर एक अंकी आलं तर ओएमआरवर (गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) काय करायचं?

चक्रीय_चौकोन
७ आलं तर ०७. दोन्ही रकान्यांत गोळा काळा करायचा. आणि १२३ वगैरे तीन अंकी आलं तर प्रश्न पुन्हा वाचा. बहुतेक वेळा १०० ने भागल्यावरची बाकी विचारलेली असते, नाहीतर गणित चुकलेलं असतं.