देवळातलं लाइव्ह: व्हीएलसीत झकास, ब्राउझरमध्ये काळं, मोबाइल डेटावर लागतच नाही

आटपाडीकर
मंडळी नमस्कार, जरा अडकलोय. गावच्या देवळात तीन आयपी कॅमेरे आहेत, गाभारा, मंडप आणि बाहेर दीपमाळेजवळ. आमच्याकडची निम्मी पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात पार पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत पांगलीत, त्यांना कार्तिकातला काकडा घरबसल्या दिसावा एवढीच इच्छा. जुन्या डेस्कटॉपवर मीडियाएमटीएक्स टाकलाय, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र घेऊन बघणाऱ्यांना वाटणारा मीडिया सर्व्हर. त्याच्या ८५५४ पोर्टवर आरटीएसपी (कॅमेऱ्यांची चित्र पाठवायची पद्धत) लावून व्हीएलसी प्लेअरमध्ये बघितलं तर चित्र येतं, पण ब्राउझरमध्ये ८८८९ वर वेबआरटीसी (जवळजवळ उशीर न होता दाखवायची पद्धत) उघडलं की गाभारा नुसता काळा, मंडप दिसतो पण आवाज नाही, आणि दीपमाळेचं चित्र तर मध्येच चिखल झाल्यासारखं पसरतं, खालचा अर्धा भाग हिरवा-राखाडी, मग काही सेकंदांनी आपोआप नीट. हा प्रकार व्हीएलसीतही होतो. ८८८८ वर एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत) लावलं तर वीसेक सेकंद मागे. मोबाइल डेटावरून वेबआरटीसी नुसतं फिरत राहतं. सीपीयू १० टक्क्यांच्या वर जात नाही तरी कॅमेरेवाला म्हणतो मोठा सर्व्हर घ्या. वर्गणीचे पैसे आहेत, उगाच घालवायचे नाहीत.

रात्रपाळी
दादा सर्व्हर अजिबात घेऊ नका. मीडिया सर्व्हर व्हिडिओ नव्याने एन्कोड करत नाही, कॅमेऱ्याकडून आलेलं जसंच्या तसं पुढे वाटतो, म्हणून तर सीपीयू निवांत आहे. यात पाच वेगवेगळे बिघाड आहेत, एकत्र बघाल तर डोकं फिरेल.

गाभाऱ्याचा कॅमेरा बहुतेक एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत, एच.२६४ ही जुनी) असेल. व्हीएलसी ते खातं, पण ब्राउझरमध्ये वेबआरटीसीवर सगळीकडे चालेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या वेबपेजवर व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ करा, प्रोफाइल बेसलाइन, कारण मेनमध्ये बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर अवलंबून असलेल्या फ्रेम) येऊ शकतात आणि त्या आल्या की वेबआरटीसी अडतं. तिथंच 'स्मार्ट कोडेक' किंवा एच.२६४ प्लस असं काही चालू असेल तर बंद करा. ते जागा वाचवायला कीफ्रेममधलं (कीफ्रेम किंवा आय-फ्रेम म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम) अंतर ताणत नेतं, आणि एचएलएसचा प्रत्येक तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू व्हावा लागतो, म्हणजे कीफ्रेम ४ सेकंदांनी आली की तुकडाही ४ सेकंदांचा, आणि प्लेअर असे दोन-तीन तुकडे हातात ठेवूनच चालू होतो. २५ फ्रेमला आय-फ्रेम इंटरव्हल २५ ठेवा, म्हणजे सेकंदाला एक.

वायरमन_सांगली
दीपमाळेचा कॅमेरा वायफायवर आहे का? ते हिरवं पसरणं म्हणजे पॅकेट गळतायत. यूडीपीवर (पोचलं की नाही ते न बघता पाठवायची पद्धत) हरवलेलं पॅकेट परत येत नाही, पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्र फाटकंच राहतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये 'आरटीपी पॅकेट्स लॉस्ट' अशा ओळी दिसतील. कॉन्फिगमध्ये त्या कॅमेऱ्याच्या पाथला आरटीएसपी ट्रान्सपोर्ट टीसीपी (हरवलेलं पॅकेट परत पाठवणारी पद्धत) करा, नाहीतर तो आधी यूडीपीच धरतो. पण खरा उपाय केबल, टीसीपीने फाटणं थांबेल पण सिग्नल पडला की चित्र अडकत अडकत येणार.

आटपाडीकर
हो, वायफायच आहे, मंडपावरून उडवलंय. लॉगमध्ये त्या ओळी ढिगाने आहेत. आणि गाभारा एच.२६५ च निघाला, बदलल्याबरोबर दिसायला लागला! एचएलएस पण पाच-सहा सेकंदांवर आलं. आवाज आणि मोबाइल डेटा राहिलं. आवाजाशिवाय काकड्याला काय अर्थ, टाळ-मृदंग ऐकू आलाच पाहिजे.

कोकणकडा
आवाजाची गोम अशी की कॅमेरा एएसी या प्रकारात आवाज देतोय आणि वेबआरटीसीला एएसी चालत नाही. कॅमेऱ्यात जी.७११ केलंत तर वेबआरटीसीत येईल पण एचएलएसमधून जाईल, शिवाय जी.७११ म्हणजे टेलिफोनचा आवाज, ८ किलोहर्ट्झवरचा, मृदंगाची पार वाट लागते. त्यापेक्षा कॅमेऱ्यात एएसीच ठेवा आणि एफएफएमपेगने (व्हिडिओ-आवाज बदलायचा फुकट प्रोग्राम) फक्त आवाज ओपस या प्रकारात बदला, व्हिडिओ कॉपी. ओपस बहुतेक ब्राउझरमध्ये दोन्हीकडे चालतं आणि नुसता ऑडिओ बदलायला तुमचा जुना पीसी सहज पुरेल.

मोबाइल डेटाचं असं की वेबआरटीसीचं पान ८८८९ वरून येतं पण चित्र यूडीपी ८१८९ वरून, तो पोर्ट उघडा नसेल तर चाक फिरतच बसणार. आता राउटरमध्ये जाऊन वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, कितीही पोर्ट फॉरवर्ड केलेत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. मग पब्लिक आयपीचा एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या, तिथं हाच मीडियाएमटीएक्स टाका आणि गावाकडून एफएफएमपेगने त्याच्या ८५५४ वर टीसीपीने ढकला. तसंही हे करावंच लागलं असतं, ४ एमबीपीएसचा मेन स्ट्रीम घरून थेट दिलात तर १० एमबीपीएसच्या अपलोडवर दोनच माणसं बघणार, तिसऱ्याला घोळ. व्हीपीएसकडे एकच प्रत जाते आणि वाटप तिकडून होतं. मात्र तिकडच्या महिन्याच्या डेटाची मर्यादा बघून घ्या. ४ एमबीपीएस म्हणजे माणशी तासाला १.८ जीबी. म्हणून लोकांना १ एमबीपीएसच्या आसपासचा सबस्ट्रीमच (कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा दुसरा स्ट्रीम) द्या, मोबाइलवर भरपूर झाला.

वायरमन_सांगली
आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा आरटीएसपीचा ५५४ पोर्ट बाहेर उघडू नका, हात जोडून सांगतो. कॅमेऱ्यात फक्त बघण्यापुरता वेगळा युजर करा, त्याचाच पासवर्ड कॉन्फिगमध्ये. व्हीपीएसवर पब्लिश करायलाही युजर-पासवर्ड लावा, नाहीतर कोणीही येऊन तुमच्या पाथवर काहीही दाखवेल.

आटपाडीकर
वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच. व्हीपीएसचं कमिटीत बोलतो, मोठ्या सर्व्हरपेक्षा कितीतरी स्वस्तात होतंय. दीपमाळेपर्यंत केबल रविवारी ओढतोय. एकच शंका, आमच्याकडे पहाटे लाइट जाते-येते, नेमकं काकड्यालाच बंद पडलं तर?

रात्रपाळी
बायोसमध्ये पॉवर आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते लावा, आणि लिनक्स असेल तर मीडियाएमटीएक्स सिस्टमडीत सर्व्हिस करून टाका, म्हणजे पीसीबरोबर तो आपोआप सुरू होईल. कॅमेरे उशिरा उठले तरी तो स्वतः परत परत जोडायचा प्रयत्न करतो. एफएफएमपेगची कमांड मात्र वेगळी हातानं चालवू नका, त्याच कॉन्फिगमध्ये 'रन ऑन इनिट'मध्ये घाला आणि खाली रीस्टार्ट चालू ठेवा. राउटर आणि कॅमेऱ्याच्या स्विचला छोटा यूपीएस लावलात तर अजून बरं. दिवसा एकदा मेन स्विच पाडून बघा, सगळं हात न लावता उठतंय का ते कळेल.