मदत हवी आहे: चोर्ला घाटात टायर बसल्यापासून दुचाकी वळणावर झुकवायची भीती वाटते

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा. पंधरा दिवसांपूर्वी चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना मागच्या चाकाची हवा एकदम गेली. गाडी डावी-उजवीकडे डुलायला लागली. ब्रेक न दाबता, अ‍ॅक्सिलेटर हळूहळू सोडत कशीबशी कडेला घेतली. पडलो नाही. नंतर टायरवरचा आकडा बघितला, 2317. म्हणजे 2017 च्या 23व्या आठवड्यात बनलेला, इतका जुना! नक्षी शाबूत होती म्हणून मी निर्धास्त होतो. आता दोन्ही टायर नवे घातलेत, तरी ओलं वळण दिसलं की खांदे आखडतात. जवळच्या साखळी गावापर्यंतसुद्धा तीसच्या वर जात नाही. असं कोणाचं झालंय का? आधी मोकळ्या मैदानावर सराव करू, की रोज थोडा थोडा घाटच चढू? बायकोला मागे कधी बसवावं? अनुभव सांगा, प्लीज.