१४० मेलआयडी नव्या यंत्रणेवर न्यायचे आहेत. पीसीवर उतरवलेल्या जुन्या मेलचं काय करू?

पेठकर
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेत संगणकाचं सगळं काम मी बघतो. दोन शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, वसतिगृह आणि कोथरूडचं कार्यालय मिळून १४० मेलआयडी आहेत. इतकी वर्षं वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर आलेली मेल वापरली. माणशी १ जीबी जागा, ती सारखी भरायची, म्हणून कार्यालयातल्या बहुतेकांच्या आउटलुकमध्ये पीओपी लावलंय. मेल पीसीवर उतरते आणि सर्व्हरवरून निघून जाते. आता कार्यकारिणीने माणशी ३० जीबीच्या क्लाउड मेलला मंजुरी दिली. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत सगळं हलवून देतो, असं विक्रेता म्हणतो. माझ्याकडे मागितली ती फक्त सगळ्यांच्या पासवर्डची यादी. कोटेशनमधले शब्द आहेत 'सर्व्हरवरील मेल'.

मला घोर लागलाय तो लेखा विभागातल्या मॅडमच्या पीसीचा. अनुदान, वेतनपथक, शिक्षणाधिकारी कार्यालय, असा २००९ पासूनचा पत्रव्यवहार त्या एका मशीनवर आहे, विषयवार फोल्डर लावून. ऑडिटला काही सापडेना झालं की सगळे त्यांच्याच टेबलापाशी जातात. मार्चमध्ये त्या निवृत्त होतायत. त्यांचं एकही पत्र हरवता कामा नये. कुठून सुरुवात करू?

भोसरीकर
तुम्हाला घोर लागलाय तो योग्य आहे. मी भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांची मेल सांभाळतो. तिथेही हेच दिसतं. विक्रेत्याचं टूल जुन्या सर्व्हरवर लॉगिन करून तिथं असेल तेवढंच उचलतं. मॅडमची मेल तिथं नाहीच, तेव्हा टूल 'काम पूर्ण' असं दाखवेल आणि ते त्याच्यापुरतं खरंही असेल.

म्हणून आधी टेबलाटेबलावर जाऊन बसा. आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये 'डेटा फाइल्स' टॅब आहे, तिथं प्रत्येक पीएसटी फाइलचा, म्हणजे उतरवलेली मेल जिच्यात साठते त्या फाइलचा, पत्ता दिसतो. एकेका माणसाच्या तीन-तीन निघतात. एक चालू, एक 'आर्काइव्ह', एक मागच्या पीसीवरून आणलेली. शिवाय पूर्ण हार्डडिस्कवर .पीएसटी शोधा, कारण आउटलुकला न जोडलेल्या फाइली त्या टॅबमध्ये येत नाहीत. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या फाइलींना २ जीबीची मर्यादा होती. तशी काठोकाठ भरलेली फाइल मिळाली तर आधी प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करा. प्रत घेताना आउटलुक बंद हवं. मॅडमच्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक कोथरूडला.

आता दोन दिवसांचा हिशेब. समजा सगळ्या पीएसटी मिळून ३०० जीबी भरल्या आणि तुमच्या लाइनचा अपलोड १० एमबीपीएस असला, तर सलग ६६ तासांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. सुट्टीच्या आधीपासून रोज रात्री थोडं थोडं चढवा.

पासवर्डची यादी देऊ नका. होस्टिंगच्या पॅनेलमधून तुम्हीच तात्पुरते पासवर्ड लावा, काम झालं की बदला.

डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर जायची ते एमएक्स रेकॉर्ड सांगतो. त्याचा टीटीएल, म्हणजे बाकीचे सर्व्हर ती नोंद जितका वेळ लक्षात ठेवतात तो काळ, बहुधा १४४०० सेकंद, म्हणजे चार तास असेल. बदलाच्या दोन दिवस आधी तो ३०० करा. आणि एक जागा नक्की तपासा. वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच राहणार असेल, तर तिथला सर्व्हर तुमचं डोमेन स्वतःचंच समजत राहतो. वेबसाइटवरून भरलेल्या प्रवेशअर्जाची मेल जुन्याच खोक्यात पडेल, कुणाला एररही येणार नाही. पॅनेलमध्ये मेल राउटिंग 'रिमोट' करावं लागतं.

एमएक्स बदलायला आमच्याकडे गुरुवार धरतात, एमआयडीसीची सुट्टी असते. तुम्हाला दिवाळीची सुट्टी उत्तम.

मुळाकाठची
भोसरीकरदादा, शेवटचं सोडून सगळं पटलं. शाळेत एमएक्स सुट्टीत बदलू नये. फाइली जरूर सुट्टीत चढवा, पण बदल करा शाळा उघडल्यावर, मंगळवार-बुधवारी. कारखान्यात गुरुवारनंतर शुक्रवारी सगळे एकत्र हजर होतात. शिक्षक दिवाळीत गावी असतात. मोबाइलवरची मेल तिथं बंद पडली की ते घाबरून पासवर्ड बदलत बसतात, आणि मुख्याध्यापकांचा फोन तुम्हाला भाऊबिजेला येतो. शिक्षक-खोलीत समोर बसून प्रत्येकाच्या फोनवर नवं अकाउंट लावून द्यायला माणूस हवा. मी पिंपरीतल्या एका रुग्णालयात हे काम केलंय. नर्सेसच्या तीन पाळ्यांप्रमाणे बसलो, म्हणून कुणाची अडचण राहिली नाही.

पेठकर, फीच्या पावत्या कुठून जातात? सॉफ्टवेअर परस्पर पाठवत असेल तर एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्या यादीत, नवी सेवा आणि ते सॉफ्टवेअर दोन्ही हवेत, पण रेकॉर्ड एकच. दोन एसपीएफ रेकॉर्ड केले तर तपासणीच चुकते. त्यातल्या डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) चौकशा दहाच्या वर जाता कामा नयेत. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, चालू करा. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम, आधी फक्त अहवाल मागणारं ठेवा. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय. दिवसाला ५००० च्या वर मेल गेल्या तर तिन्ही लागतात. पालकांचे पत्ते बहुतेक जीमेलचेच असणार.

पेठकर
ताई, पावत्या सॉफ्टवेअरमधूनच जातात, आणि झेरॉक्स मशीनवरून स्कॅनही मेल होतो. दोन्ही यादीत घेतले. मॅडमच्या २०१२ पर्यंतच्या बऱ्याच मेल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. माझ्या फोनवर पाठवून बघितली, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. नव्या मेलमध्येही तशीच दिसणार ना?

मुळाकाठची
हो, तशीच. श्रीलिपी पुण्यातलीच असली तरी फॉन्ट त्या पीसीवर आहे, मेलच्या आत नाही. मेल हलवा, पण त्याआधी त्याच पीसीवरून महत्त्वाच्या पत्रांच्या पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आत जातो. नावात तारीख आणि कार्यालय लिहा, कारण त्या मजकुरात आजच्या नेहमीच्या (युनिकोड) मराठीतून शोध चालणार नाही. कुठली पत्रं महत्त्वाची हे मॅडमच सांगू शकतील, तेव्हा त्यांचा वेळ मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्या. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या गडबडीत त्यांना डोकं वर काढता येणार नाही.

भोसरीकर
गावी गेलेल्या शिक्षकांचा विचार मी केला नव्हता, मंगळवार-बुधवारच बरा. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. पाठवणारे सर्व्हर न पोचलेली मेल चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतात, आणि काही जण जुना पत्ता धरून बसतात. बदलानंतर जुन्या खोक्यांवरून आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने, आणखी एक फेरी मारा. मॅडमचा पीसीही तसाच राहू द्या, निदान पुढचं ऑडिट होईपर्यंत.

पेठकर
विक्रेत्याला आज लेखी कळवलं, कोटेशनमध्ये 'पीसीवरील पीएसटीसह' असे शब्द घाला, नाहीतर सही नाही. सोमवारपासून मॅडमच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकतोय.