काळ्या दिनाच्या फेरीला ‘आउटक्राय’ म्हणावे का?

धागाकर्ता, बेळगाव
१ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमाभाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या निषेधार्थ दरवर्षी त्याच तारखेला काळा दिन पाळला जातो. त्या दिवशीच्या फेरीच्या इंग्रजी बातमीत ‘आउटक्राय’ हा शब्द येतो, तेव्हा तो मला खटकतो. एखाद्या निर्णयाने लोक अकस्मात खवळून उठतात आणि ठिकठिकाणांहून, कोणी न सांगता, संताप बाहेर पडतो, त्याला इंग्रजीत ‘आउटक्राय’ म्हणतात. काळ्या फिती बांधून सायकलींवरून निघालेली, मार्ग आधीच ठरलेली आणि परवानगीसाठी पोलिसांकडे अर्ज गेलेली फेरी त्यात कशी बसणार? १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात जो भडका उडाला आणि ज्यात गोळीबार होऊन माणसे गेली, त्याला हा शब्द शोभतो.

प्रतिसाद, खानापूर
आपला नियम मला पटत नाही. अकस्मातपणा ही त्या शब्दाची अट नव्हे; बहुतेक वेळा तो तसा वापरला जातो, एवढेच. वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या नाराजीलाही इंग्रजीत खुशाल ‘पब्लिक आउटक्राय’ म्हणतात, मग ती निवेदनांतून व्यक्त झालेली असो की घोषणांतून. शब्दशः ओरडणे पाहायचे असेल, तर ते शेअर बाजारात होते : १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत मुंबईत सौदे आरडाओरड करूनच होत, आणि त्या पद्धतीचे नावच ‘ओपन आउटक्राय’ होते. सीमाप्रश्नाला तर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्याचीही जोड आहे. न्यायालयात कोणी ओरडत नाही, म्हणून मागणीचा जोर कमी होतो का?

धागाकर्ता
दाव्याला कोणताही इंग्रजी पत्रकार ‘आउटक्राय’ म्हणणार नाही, त्यामुळे ते उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. निवेदनांचे मात्र मान्य. आवाज ही अट नाही. पण हा शब्द लोकांच्या प्रतिक्रियेसाठी आहे, संघटनेच्या कार्यक्रमासाठी नाही. कार्यक्रमासाठी ‘प्रोटेस्ट’ हा साधा शब्द आहेच.

प्रतिसाद, निपाणी
दोघांच्याही नजरेतून बातमीदाराचा कल सुटतो आहे. ‘आउटक्राय’ लिहिले की मागणी कोणती, ती कोणाकडे, कशाच्या आधारे, हे सांगण्याची गरज उरत नाही. लोक चिडले, एवढे पुरते. १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात हिंडलग्यात माणसे गोळीबारात मृत्युमुखी पडली, तेव्हा नुसता संताप नव्हता, भाषेसंबंधीचा ठोस आक्षेप होता. मराठी वार्ताहरही ‘नागरिकांची ओरड आहे’ असे लिहून असाच मोकळा होतो (पाणी चार दिवस न येण्यापासून सगळ्याला हेच वाक्य).

प्रतिसाद, खानापूर
हा दोष शब्दाचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. पुढच्याच ओळीत ८१४ गावांवरील महाराष्ट्राचा दावा मांडला, तर ‘आउटक्राय’ने काही बिघडत नाही.

प्रतिसाद, निपाणी
ती पुढची ओळ छापून आली, तर माझी तक्रार राहणार नाही.